कर्नलचा कोड बदलला पण डॉक्युमेंटेशन जुनंच राहिलं, तर पॅच अडवावा का?

पवईकर

पवई, सीप्झ, महापे इथे लिनक्स कर्नलचा स्वतःचा ट्री (सोर्स कोडची प्रत) सांभाळणारे बरेच गट आहेत. लाँगटर्म (वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणारी) शाखा घ्यायची आणि तिच्यावर आपले पॅच (कोडमधले बदल) चढवायचे, अशी ही पद्धत. अशा ट्रींसाठी माझा प्रस्ताव असा: ज्या पॅचने वर्तन बदलतं, त्याच पॅचमध्ये डॉक्युमेंटेशन बदललेलं नसेल तर तो मर्ज करू नये. 'डॉक नंतर पाठवतो' हे उत्तर चालणार नाही.

मुख्य कारण बॅकपोर्ट, म्हणजे नवा बदल जुन्या शाखेत नेणं. कोड एका कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आणि डॉक दुसऱ्यात असलं की चेरी-पिक करणारा, म्हणजे निवडक कमिट घेणारा, पहिलं कमिट उचलतो, दुसरं मागे राहतं, आणि ते मागे राहिलं हे कोणतंही टूल सांगत नाही. नीट झालेलं उदाहरणही आहे. स्वॅपिनेस या सेटिंगची (मेमरीतलं डिस्कवर हलवण्याकडे किती कल असावा) कमाल मर्यादा २०२० साली कर्नल ५.८ मध्ये १०० वरून २०० झाली, तेव्हा सिसकंट्रोलच्या (चालू कर्नलच्या सेटिंगांच्या) डॉकमधली व्हीएमची (मेमरीची) फाइल त्याच कमिटमध्ये बदलली होती. ते कमिट उचललं की डॉक आपोआप सोबत येतं.

पाठवण्याआधीचं काम फार नाही. बदललेल्या प्रत्येक नावासाठी डॉक्युमेंटेशन डिरेक्टरीत गिट ग्रेप (मजकुराचा शोध) करा. फाइल हलवली असेल तर 'मेक रेफचेकडॉक्स' चालवा, तुटलेले संदर्भ दिसतात. 'मेक डब्ल्यू=१' ने बिल्ड केलं की सी फाइलींमधली कर्नल-डॉक टिपणं (कोडमध्येच ठरावीक रूपात लिहिलेलं डॉक) तपासली जातात; हेडरसाठी कर्नल-डॉक स्क्रिप्ट 'नन' पर्याय देऊन हातानं चालवा. शेवटी 'मेक एचटीएमएलडॉक्स', बदलाआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि दोन्ही वेळच्या वॉर्निंगांचा डिफ. इथे एक गोष्ट हमखास चुकते: स्फिंक्स (एचटीएमएल बनवणारं साधन) न बदललेल्या फाइली पुन्हा वाचत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी वॉर्निंग कमी दिसतात आणि सगळं सुधारल्यासारखं वाटतं. दोन्ही बिल्डांआधी 'मेक क्लीनडॉक्स' कराच.

सीप्झ_कर्नल

विरोध. तुम्ही सांगितलेली साधनं फक्त नावं जुळवतात, अर्थ तपासत नाहीत.

समजा एका फंक्शनच्या टिपणात लिहिलंय, 'कोणत्याही कॉन्टेक्स्टमधून बोलवता येतं', म्हणजे जिथे झोपता येत नाही तिथूनही. आत स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारा लॉक) होता, कुणीतरी त्याजागी म्युटेक्स (वाट पाहताना झोपू शकणारा लॉक) घातला. पॅरामीटर तेच, रिटर्न टाइप तोच. डब्ल्यू=१ गप्प, स्फिंक्स गप्प, ग्रेपमध्येही काही नाही, कारण नाव बदललेलंच नाही. आता ते फंक्शन इंटरप्ट हँडलरमधून बोलवलं की झोपू नये तिथे झोपणार. जिथे खरं नुकसान होतं तिथेच तुमचा नियम आंधळा आहे. उलट नियम आहे म्हणून लोक टिपणातला एखादा शब्द हलवतील आणि 'डॉक अपडेटेड' म्हणून मोकळे होतील.

ही अट कोडमध्येच लिहा. फंक्शनच्या पहिल्या ओळीत माइट_स्लीप() टाका. म्युटेक्स एखाद्या क्वचित चालणाऱ्या शाखेत असला तरी प्रत्येक कॉलला तपासणी होते, फक्त चाचणीच्या कर्नलमध्ये डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू हवं. 'कॉलरने लॉक धरलेला असावा' असं टिपणात लिहिण्यापेक्षा लॉकडेप_असर्ट_हेल्ड() लिहा; लॉकडेप म्हणजे लॉकांचा वापर तपासणारं कर्नलमधलं साधन. अट मोडली की चाचणीत स्टॅक ट्रेससकट समोर येते. टिपण मोडलं तर काहीच होत नाही.

आणि आतल्या एपीआयबद्दल (कर्नलचे भाग एकमेकांची जी फंक्शनं बोलवतात त्यांबद्दल) कर्नलची भूमिका उघड आहे: ती स्थिर राहणार नाही. अ‍ॅक्सेस_ओके() चा टाइप आर्ग्युमेंट ५.० मध्ये गेला, क्लास_क्रिएट() चा ओनर ६.४ मध्ये गेला. दोन्ही वेळा जुना कोड कंपाइलरनेच अडवला. स्टॅटिक (त्याच फाइलीपुरत्या) फंक्शनांवरची मोठमोठी टिपणं काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐरोली_ऑप्स

लॉकडेपचा मुद्दा पटतो, पण तो कर्नल लिहिणाऱ्यांपुरता. डेटा सेंटरमध्ये मशीन सांभाळणारा माणूस सोर्स उघडत नाही, आणि प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेपची तपासणी) लावलेला मंद कर्नल प्रॉडक्शनमध्ये कुणी चालवत नाही. त्याला फक्त सिसकंट्रोल, बूट पॅरामीटर आणि सिसएफएस ('/सिस' खालच्या फाइली) दिसतं. सोमॅक्सकॉनचा (स्वीकारायच्या राहिलेल्या नेटवर्क जोडण्यांच्या रांगेची मर्यादा) डीफॉल्ट ५.४ मध्ये १२८ वरून ४०९६ झाला. असा बदल कंपाइलर पकडत नाही आणि कोणतंही असर्शनही (कोडमध्ये लिहिलेली अट) पकडत नाही. तो लिहिलेला असला तरच कळतो.

आणखी एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. संकेतस्थळावरचं डॉक्युमेंटेशन ताज्या कर्नलचं असतं आणि मशीनवर ५.१० किंवा ६.१ चालू असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, तरी वाचणारा फसतो. म्हणून ज्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) कर्नल बांधला त्याच टॅगवरून एचटीएमएल बांधून पॅकेजसोबत द्या. मॉड्यूल पॅरामीटरचं वर्णन मॉड्यूल_पार्म_डेस्क मध्ये असलं तर ते मॉड्यूलच्या फाइलीतच बसतं, मॉडइन्फो ही आज्ञा दिली की समोर. ते वर्णन आणि मॉड्यूल यांची आवृत्ती कधी वेगळी होऊच शकत नाही. सिसकंट्रोलला अशी सोय नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

बोर्डवाली_महापे

पवईकर, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) तुमचा 'त्याच पॅचमध्ये' हा नियम थेट चुकीचा ठरतो. बाइंडिंगचा (त्या वर्णनात काय लिहायचं याच्या नियमांचा) पॅच वेगळा हवा आणि पॅचच्या मालिकेत ड्रायव्हरच्या आधी हवा. बाइंडिंग एकट्या लिनक्सची नसतात, बूटलोडरही तीच वापरतात, म्हणून ती ड्रायव्हरपासून सुटी ठेवतात. एकत्र केलंत तर पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टच तक्रार करते. 'त्याच मालिकेत' असा शब्द वापरा.

पण डॉक्युमेंटेशन यंत्राने तपासता येत नाही, हेही खरं नाही. बाइंडिंग आता यॅमल स्कीमामध्ये (यंत्राला वाचता येणाऱ्या नियमांत) असतात. पायथनचं डीटीस्कीमा बसवा, 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' ने स्कीमा आणि त्यातलं उदाहरण तपासा, मग 'मेक डीटीबीएस_चेक' ने खरे बोर्ड. तपासणी अख्ख्या ट्रीवर चालवली तर खूप वेळ जातो, म्हणून डीटी_स्कीमा_फाइल्स मध्ये आपल्या फाइलीचं नाव द्या. स्कीमात 'अ‍ॅडिशनलप्रॉपर्टीज: फॉल्स' असेल तर डॉकमध्ये नसलेली प्रॉपर्टी बोर्डच्या फाइलीत लिहिता येत नाही, लगेच एरर येते. मला हवं असलेलं डॉक्युमेंटेशन असंच आहे.

त्यालाही मर्यादा आहेतच. प्रॉपर्टी दिली नाही तर ड्रायव्हर कोणती किंमत धरतो, हे स्कीमात 'डीफॉल्ट' म्हणून लिहिता येतं, पण ड्रायव्हर खरंच तीच धरतो का हे कुणी तपासत नाही. आणि एखादी प्रॉपर्टी नंतर 'रिक्वायर्ड' केली तर शेतात, कारखान्यात आधीच बसवलेल्या बोर्डांचे डीटीबी (डिव्हाइस ट्रीच्या कंपाइल केलेल्या फाइली) चुकीचे ठरतात. तेव्हा ड्रायव्हरमध्ये जुन्या डीटीबीसाठी वाट ठेवावीच लागते.

सीप्झ_कर्नल

बोर्डवालीताई, हे माझ्याच बाजूचं आहे! स्कीमा टिकतो, कारण तो चालवला जातो. जे चालवता येत नाही ते कमीत कमी लिहा.

दादरकर

सीप्झ, एरर कोडचं काय करणार? यूजरस्पेसमधला (कर्नलबाहेरचा) प्रोग्रॅम -ईअगेन आल्यावर पुन्हा प्रयत्न करतो आणि -ईबिझी आल्यावर सोडून देतो. पॅचने एकाच्या जागी दुसरा परत केला तर माइट_स्लीप() काय सांगणार? कर्नल-डॉकला 'वॉल' पर्याय दिला तर 'रिटर्न' चा परिच्छेदच नाही एवढं कळतं, त्यात लिहिलेलं खरं आहे का हे नाही. तिथे माणसानेच वाचायला हवं.

वाचणारा माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी मेंटेनर्स फाइलीत (कोणता भाग कोण सांभाळतं याच्या यादीत) ड्रायव्हरच्या 'एफ:' ओळी असतात, पण त्याच ड्रायव्हरच्या आरएसटी (डॉकच्या मजकुराच्या) फाइलीची ओळ नसते. मग कुणी फक्त डॉक दुरुस्त करून पाठवलं की गेट_मेंटेनर स्क्रिप्ट ते डॉक्युमेंटेशनच्या लोकांकडे पाठवते. त्यांना शब्दरचना कळते, त्या हार्डवेअरचं वर्तन कळायचं कारण नाही. चूक तशीच आत जाते. एक ओळ वाढवल्याने हे सुटतं. कोणताही नियम लावण्याआधी ही ओळ घाला, अशी विनंती आहे.

तसंच सी फाइलीत टिपण सुंदर लिहिलं, पण ती फाइल कोणत्याही आरएसटीमधल्या कर्नल-डॉक डिरेक्टिव्हने ओढलेली नाही, असंही सर्रास दिसतं. असं टिपण एचटीएमएलमध्ये येत नाही, म्हणून वाचलंही जात नाही आणि दुरुस्तही होत नाही.

पवईकर

मालिकेचा मुद्दा मान्य, प्रस्ताव बदलतो. यूजरस्पेसला दिसणारं काहीही, म्हणजे सिसएफएस, प्रॉक, सिसकंट्रोल, बूट पॅरामीटर, आयओक्टल (डिव्हाइसला आज्ञा देणारा कॉल), यांत बदल असेल तर त्याच मालिकेत डॉक हवं, नाहीतर पॅच थांबणार. सिसएफएसच्या नोंदीत 'व्हॉट', 'डेट', 'कर्नलव्हर्जन', 'कॉन्टॅक्ट', 'डिस्क्रिप्शन' ही पाचही क्षेत्रं भरलेली हवीत. एक्सपोर्ट केलेल्या (मॉड्यूलांना वापरता येणाऱ्या) फंक्शनांना कॉन्टेक्स्ट आणि रिटर्न हवेत, आणि कॉन्टेक्स्टसोबत सीप्झ म्हणतात ते असर्शनही. स्टॅटिक फंक्शनांवर सक्ती नाही. बॅकपोर्ट करणाऱ्याने एक कमिट न उचलता अख्खी मालिका उचलायची, हे कव्हर लेटरमध्ये (मालिकेसोबतच्या पत्रात) लिहायचं.

सीप्झ_कर्नल

एवढ्यावर मी 'हो' म्हणतो, एक बाब सोडून. तुमच्या ट्रीत सबसिस्टिमची रचना समजावणारी जी लांबलचक आरएसटी आहेत, त्यांत स्ट्रक्टचे (सी मधल्या डेटा रचनेचे) सदस्य हाताने उतरवून ठेवलेत. पुढचा पॅच त्या स्ट्रक्टमध्ये एक सदस्य घालेल आणि कुणाला त्या पानाची आठवणही होणार नाही. ते उतारे आधी काढा, त्याजागी कर्नल-डॉक डिरेक्टिव्ह लावून व्याख्या सोर्समधून ओढा, आणि पानावर फक्त ही रचना का निवडली एवढंच ठेवा. हे होईपर्यंत त्या डिरेक्टरीवर पॅच अडवायच्या नियमाला माझा विरोध कायम आहे.

दादरकर

उतारे काढायला माझी हरकत नाही, पण कोणता लॉक आधी घ्यायचा हा क्रम त्याच पानांवर आहे आणि तो सोर्समध्ये एका जागी कुठेच लिहिलेला नाही. काढताना तो तक्ता हलवू नका.