लिफ्ट जितकी, तितकाच बंपस्टॉप खाली? मला हे पटत नाही

मोजपट्टी (धागाकर्ता)

ट्रक उंच केला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "तीन इंच लिफ्ट ना? मग चेसिस आणि बंपस्टॉपच्या मध्ये तीन इंचाचा ठोकळा टाका, काम झालं." (बंपस्टॉप म्हणजे चाक फार वर जाऊ नये म्हणून चेसिसखाली लावलेला थांबा.) मीही आधी तेच करणार होतो. पण वेल्डिंग करण्याआधी दोन दिवस घालवून सगळं मोजलं, आणि आता माझं ठाम मत झालंय की ठोकळ्याची उंची लिफ्टच्या आकड्यावरून काढूच नये.

माझ्या गाडीला पुढेमागे सरळ हाउसिंग (दोन्ही चाकं जोडणारा आख) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. लिफ्ट ७५ मिमी, टायर आधीपेक्षा मोठे, शॉक अ‍ॅब्झॉर्बरही नवे लांब. पाटे पूर्ण काढले तर हाउसिंग जागेवर राहत नाही, म्हणून फक्त मुख्य पाटा ठेवला, बाकीचे उतरवले. शॉक आणि टायर मात्र बसवलेलेच. चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्की केली आणि हाउसिंग जॅकने हळूहळू वर नेलं.

मागे काय निघालं बघा. गाडी उभी असताना शॉकच्या दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या भोकांमधलं) अंतर ५३० मिमी, पूर्ण मिटल्यावर ३९०. म्हणजे वर जायला १४० मिमी. शॉक आत आपटू नये म्हणून २० मिमी राखले, उरले १२०. माझा रबरी बंपस्टॉप ६० मिमी उंच आहे आणि तो दबून दबून साधारण निम्मा होतो, म्हणजे ३० मिमी. तेव्हा रबर आणि हाउसिंगमधली फट ९० मिमी हवी. लिफ्टनंतर ती १४५ झाली होती, म्हणून ठोकळा ५५ मिमीचा. ७५ चा टाकला असता तर वापरता येणारी २० मिमी चाल (चाकाची वरखाली हालचाल) फुकट गेली असती.

पुढे उलटंच. शॉकला भरपूर जागा होती. पण एक चाक वर, दुसरं खाली लोंबतं आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं, अशा स्थितीत टायर मडगार्डच्या मागच्या कडेला लागला. तेव्हा ७५ चा ठोकळा धरला तरी बंपस्टॉपला टेकायला अजून १५ मिमी बाकी होते! त्यात रबर दबण्याचे ३० मिळवा. दोन्ही बाजू एकसारख्या वर नेल्या असत्या तर हे कधीच दिसलं नसतं. बंपस्टॉप टायरच्या आतल्या अंगाला असतो. एका बाजूला हाउसिंग त्याला टेकलं की त्याच्याच आधारावर तिरकं होतं आणि बाहेरचा टायर आणखी वर चढतो. शेवटी मडगार्डची कड ३० मिमी कापली आणि ठोकळा १०० चा केला.

एकाच गाडीत मागे नियम जास्त निघाला, पुढे कमी पडला. मग तो नियम कशाला पाळायचा?

जुना_पाटा

तुमची मोजमापं चोख आहेत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. तुम्ही शॉक मोजला, टायर मोजला. पाटा कोण मोजणार?

लिफ्ट कशानं केलीय त्यावर सगळं आहे. हाउसिंग आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक टाकून गाडी उचलली असेल तर पाट्याची कमान आधी होती तशीच राहते, फक्त हाउसिंग ७५ मिमी खाली जातं. आता बंपस्टॉप जिथे होता तिथेच ठेवला, तर हाउसिंग त्याला टेकेपर्यंत पाटा मूळ मर्यादेपेक्षा ७५ मिमी जास्त वाकणार. सपाट होऊन उलटी कमान धरणार. तडा जातो तो तिथेच. ब्लॉकच्या लिफ्टला "जितकी लिफ्ट तितका ठोकळा" हा नियम अगदी मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे. पाट्याला कंपनीनं जेवढं वाकायला दिलं होतं तेवढंच मिळतं.

तुम्ही मुख्य पाटा एकटा ठेवून हाउसिंग वर नेलंत. एकटा पाटा कसाही वाकतो, तक्रार करत नाही. पूर्ण संच तेवढाच वाकेल का, हे त्या चाचणीत कळत नाही. शिवाय प्रत्येकाकडे घोडे, दोन जॅक आणि दोन दिवस नसतात. अशा माणसाला नियम वाचवतो. फार तर थोडी चाल वाया जाईल, मोडणार काही नाही.

मोजपट्टी

ब्लॉकबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं. माझी लिफ्ट जास्त कमानीच्या नव्या पाट्यांची आहे, ब्लॉक नाही. तरी तुमचा मुद्दा लागू होतो, म्हणून काल पूर्ण संच चढवून मागे पुन्हा पाहिलं: १२० मिमी वर गेल्यावर पाटा जवळपास सपाट होतो, उलटा वळत नाही. ५५ चा ठोकळा राहू देतोय.

पण "मोडणार काही नाही" हे नाही पटत. पुढच्या चाकाला नियमाप्रमाणे गेलो असतो तर वळणावर, एका चाकाखाली उंचवटा आला की टायर पत्र्यावर घासला असता. ही नुसती चाल वाया जाण्याची गोष्ट नाही.

मोकळी_चाल

मला या सगळ्यात एकच कळत नाही. लोक हजार खटपटी करून चाल वाढवतात आणि मग ठोकळे टाकून तीच कमी करतात. सावकाश दगडधोंड्यांतून जायचं असेल तर चाक जितकं वर जाईल तितकं जाऊ द्यावं. मी मागचे बंपस्टॉप काढूनच टाकलेत. पाटे कडक आहेत, काही होत नाही.

वेल्डिंगवाला

काढू नका हो, कळकळीनं सांगतोय. मीही काढले होते. सावकाश चालवताना खरंच काही झालं नाही. मग एकदा सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर आडवी नाळी आली आणि जोरात दणका बसला. घरी येऊन खाली वाकलो तर शॉकचा वरचा ब्रॅकेट चेसिसवरून अर्धा सुटलेला, वेल्डिंगची कड कागदासारखी उलगडलेली. बंपस्टॉप नसेल तर शेवटचा थांबा शॉकच होतो, आणि शॉक ते काम करायला बनवलेला नाही.

शॉकच्या दांड्यावर एक झिपटाय घट्ट बांधा, बॉडीला टेकवून ठेवा. फिरून आलात की ती कुठपर्यंत सरकलीय ते पाहा. पार टोकाला गेली असेल तर शॉक आपटतोय, तुम्हाला आवाज आला नसला तरी.

आणि वरच्या चालीवर एवढं बोलतोय, पण चाक खाली लोंबतं तेव्हा ब्रेकची नळी ताणली जाते का तेही बघा. खालचा थांबाही शॉकवर सोडू नये, लिमिट स्ट्रॅप (हाउसिंग ठरावीक मर्यादेखाली जाऊ न देणारा पट्टा) लावावा. तो भाराखाली ताणला जातो, फूटभर लांबीला साधारण इंचभर धरा. म्हणून थोडा आखूडच घ्यायचा.

मोकळी_चाल

झिपटाय बांधून बघतो. पण दगडांत माझा वेग चालण्याइतकाच असतो, तिथे मला अजूनही गरज वाटत नाही.

भरलेली_ट्रॉली

सगळी मोजमापं रिकाम्या गाडीची दिसतायत. माझ्या मागे कायम सामान असतं, भरल्यावर मागची बाजू ६० मिमी बसते. @मोजपट्टी, तुमच्या १२० पैकी तिथेच निम्मी चाल गेली. मग लहानशा खड्ड्यातही कडक रबर गाठलं जातं, आणि ते एकदम थांबवतं. पाठीला धक्का बसतो, गाडी मागून उडते.

मी उंच फोमचे स्टॉप लावलेत. चांगला सूक्ष्मछिद्री फोम दबून एक तृतीयांशावर येतो. १०० मिमीचा घेतला तर जवळपास ६५-७० मिमी हळूहळू विरोध वाढवत जातो. तुमच्या १२० मध्ये बसवायचा तर फट ५० मिमीच ठेवावी लागेल. म्हणजे भरलेल्या गाडीत तो उभ्याउभ्याच थोडा दबलेला असेल. मला ते चालतं. तो मला थांब्यापेक्षा जास्तीची स्प्रिंग म्हणूनच हवाय.

जुना_पाटा

हे मात्र चुकतंय. कायमचा भार बंपस्टॉपवर ठेवायचा नसतो. गाडी उभी असतानाच तो दबलेला असेल तर खड्ड्यासाठी काय उरलं? भार रोजचा असेल तर एक पाटा वाढवा, गाडीची उंची परत आणा आणि स्टॉप त्याच्या कामाला मोकळा ठेवा.

भरलेली_ट्रॉली

पाटा वाढवला की रिकामी गाडी दगडासारखी होते, आणि परतीच्या वाटेवर मी रिकामाच असतो. फोम रिकाम्या गाडीत मध्येच येत नाही, हाच त्याचा फायदा.

मोजपट्टी

भाराचा विचार मी केला नव्हता, खरं सांगतो. माझ्या मागे सहसा दोन सुटी चाकं आणि पाण्याची टाकी असते. रविवारी ती चढवून मागचं अंतर पुन्हा मोजतो. ५३० चे ५०० च्या खाली आले तर रबर काढून फोम लावणार आणि ठोकळा नव्यानं कापणार. सध्याचा ५५ चा नुसता टाक्यावर धरलाय, पूर्ण वेल्ड केलेला नाही. आकडे इथेच टाकतो.