अनुभव धागा : नवा टॅटू भरून येईपर्यंत काय करायचं, काय नाही

नवरात्राच्या आधी टॅटू काढणाऱ्यांची गर्दी होते आणि मग आठवडाभर तेच प्रश्न फिरत राहतात: हळद लावू का, खपली काढू का, पोहायला कधी जाऊ? ज्यांचा हा रोजचा विषय आहे त्यांनी इथे लिहावं. कुणाला किती दुखलं हे नको. काय लावायचं, किती, कधीपर्यंत आणि का, एवढंच लिहा.

शाईवाला

सुरुवात पहिल्या रात्रीपासून करतो. सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते, म्हणजे टॅटू ही उघडी जखमच. पहिले एक-दोन दिवस तीतून लस आणि जादाची शाई पाझरते. चादरीवर काळे डाग पडले म्हणून रंग गेला असं समजू नका. ती वरवरची शाई असते, खालची जागच्या जागी असते.

साधी क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) बांधून दिली असेल तर दोन-चार तासांत काढा. रात्रभर ठेवली तर आत घाम आणि लस साचते, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. आधी हात साबणाने धुवा, मग टॅटू. पाणी कोमट, साबण बिनवासाचा, आणि बेबी सोपलाही वास असतो हे लक्षात ठेवा. फक्त बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवत बुळबुळीत थर पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. हा थर राहिला की तोच वाळून जाड खपली होते, आणि जाड खपली निघताना खालची शाई ओढून नेते. लूफा नको, शॉवरची थेट धार नको. टॉवेलही नको, त्याचे धागे चिकटतात आणि तो वाटतो तितका स्वच्छ नसतो. टिश्यू पेपरने टिपा, दहा मिनिटं उघडं वाळू द्या, मगच क्रीम. दिवसातून दोन-तीनदा पुरे. सहा-सहा वेळा धुतलं तर कातडी कोरडी पडून तडकते.

गोळी_मलम

घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल लिहिते, कारण निम्मे घोळ तिथून सुरू होतात.

डेटॉल किंवा सॅव्हलॉन रोज लावू नका. जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशीही त्यात भाजतात. सोफ्रामायसिन आणि निओस्पोरिन घराघरात असतात, पण त्यांतल्या फ्रामायसेटिन आणि निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. टॅटूभर बारीक पुरळ उठतं आणि लोक त्यालाच इन्फेक्शन समजून आणखी मलम थापतात. संसर्ग नसताना अँटिबायोटिक मलमाचं कामच नाही. खाज येते म्हणून बेटनोवेट लावणं त्याहून वाईट, कारण ते स्टेरॉइड आहे. जखम भरणं लांबतं आणि खरंच संसर्ग असेल तर तो झाकला जातो. हळद निर्जंतुक नसते, वरून टॅटू पिवळा दिसायला लागतो आणि आजूबाजूची लाली कळतच नाही.

लावायचं काय, तर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. तळहाताएवढ्या टॅटूला तुरीच्या दाण्याएवढं. लावल्यावर चकाकत असेल तर जास्त झालं, टिश्यूने टिपून घ्या. जाड थराखाली कातडी ओली राहून पांढुरकी, फुगीर होते आणि केसांच्या मुळाशी फोड येतात. व्हॅसलीनचं हेच होतं, म्हणून तो लावायचाच तर अगदी पुसट.

पारदर्शक

सेकंड स्किन लावून दिली असेल तर वरचं धुण्याचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. ही पॉलियुरेथेनची पट्टी हवा आत-बाहेर जाऊ देते, पाणी नाही. खाली शाईमिश्रित लस साचून काळपट फुगा दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खूप साचली तर चोवीस तासांनी बदला, दुसरी तीन ते पाच दिवस चालते. कडा मात्र चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर चांगल्या कातडीवर हव्यात. एक कड सुटून पाणी आत गेलं की पट्टी त्याच वेळी काढायची, वरून चिकटपट्टी लावून भागवायचं नाही. काढताना कोमट पाण्याखाली, वर न ओढता कातडीला समांतर ताणत सोडवा. टॅटू सोडून नेमक्या पट्टीच्या आकारात लाल चौकोन उठला, तर ती गोंदाची ॲलर्जी. मग पुन्हा लावू नका.

शाईवाला

पारदर्शक यांच्याशी सहमत, फक्त मे महिन्यात मुंबईत ही पट्टी बगलेजवळ किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टिकत नाही. घामाने दुसऱ्या दिवशीच सुटते. तिथे उघडं ठेवून धुणंच बरं.

पापुद्रा

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रंगीत पापुद्रे सुटायला लागतात आणि दोन आठवड्यांपर्यंत सुटत राहतात. या काळात खाज जीव खाते. नखं लावायची नाहीत, तळव्याने हलकं थोपटा किंवा गार पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा मिनिटभर ठेवा. अर्धवट लोंबणारा पापुद्रासुद्धा ओढू नका. कपडा चिकटला तर खेचण्याआधी पाण्याने भिजवा, आपोआप सुटतो.

यानंतर टॅटू धुरकट दिसतो. वरची कातडी नवी असते, म्हणून. चार-सहा आठवड्यांत स्वच्छ होतो. रेघांच्या कडेला निळसर शाई पसरलेली असेल तर ती सुई खोल गेल्याची खूण, तुमच्या काळजीचा त्यात दोष नाही.

मनगटावर किंवा हातावर टॅटू असेल तर फोडणीचे शिंतोडे सांभाळा, भांडी घासताना हातमोजे घाला.

मांडवीकाठ

गोव्यात किनाऱ्यालगतच्या दुकानात टॅटू आणि संध्याकाळी समुद्रात उडी, हा सर्रास दिसणारा प्रकार. तीन-चार आठवडे समुद्र, नदी, तरणतलाव काहीच नको. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात टॅटूनंतर पाच दिवसांनी पोहलेल्या, यकृताचा आजार असलेल्या एका माणसाचा त्यात जीव गेला. २०१७ मध्ये ती केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आंघोळ चालते, टबात बसून राहणं चालत नाही. सहलीत टॅटू काढायचाच असेल तर शेवटच्या दिवशी काढा.

पहिला_ठोका

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांसाठी: ढोल कमरेला बांधला जातो, ताशा गळ्यात येतो. कमर, मान, खांदा इथे टॅटू हवा असेल तर सराव सुरू होण्याआधी महिना मोकळा ठेवा. पट्ट्याखाली घाम आणि घर्षण एकाच जागी होतं. विसर्जनाचा गुलाल आणि होळीचे रंगही ताज्या टॅटूवर नकोत. पावसाळ्यात रेनकोटची बाही आतून ओली राहते, घरी पोचल्यावर आधी ती जागा धुऊन कोरडी करा.

गोळी_मलम

डॉक्टरकडे कधी जायचं, हे राहिलं. पहिले दोन-तीन दिवस लाली, ऊब, सूज असतेच, पण ती रोज कमी होत जायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल, पिवळा पू, ताप किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली तर त्याच दिवशी जा. दुसरा प्रकार फसवा आहे. टॅटू छान भरतो आणि एक ते तीन आठवड्यांनी फक्त राखाडी छटेच्या भागात लाल पुटकुळ्या येतात. काळी शाई नळाच्या पाण्याने पातळ केली असेल तर त्यातले मायकोबॅक्टेरिया नावाचे जंतू हे करतात, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने ते हटत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञाला ‘फक्त राखाडी भागात’ हे आवर्जून सांगा. फक्त लाल रंगाचा भाग महिन्यांनंतरही खाजत, उंचावत असेल तर बहुधा रंगाची ॲलर्जी असते. मधुमेह असेल किंवा जखमेवर गाठी वाढायची सवय असेल तर टॅटू काढण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

शाईवाला

सनस्क्रीन पापुद्रे पूर्ण संपल्यावरच, एसपीएफ ३० च्या वरचं. तोपर्यंत सैल सुती बाही. बोटांवरचा आणि तळव्याच्या कडेचा टॅटू कितीही जपा, थोडा उडतोच. टचअप, म्हणजे उडालेल्या जागी पुन्हा शाई भरणं, सहा आठवड्यांच्या आत करू नका. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांसाठी: टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. टचअप म्हणजे पुन्हा सुई, तेव्हा तारीख तिथून मोजा.