सिव्हिलायझेशन ६ : भांडण न करता राज्य वाढवायचंय, पण दरवेळी साठाव्या टर्नच्या आत मार खातोय

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. भाऊ पुण्याला गेला तेव्हा जुना लॅपटॉप मला देऊन गेला. त्यात सिव्हिलायझेशन ६ हा राज्य उभारायचा गेम आहे, दोन्ही एक्सपान्शनसकट (नंतर आलेले जोडभाग). आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, घराबाहेर पडता येत नाही, म्हणून सुरू केलं.

मला लढाईत रस नाही. शहरं वसवावीत, शेती, व्यापार, ग्रंथालयं करावीत, जमलं तर संस्कृतीवर किंवा विज्ञानावर जिंकावं. म्हणून मुद्दाम गांधी घेतला. लेव्हल प्रिन्स (मधली).

तीन डाव झाले, तिन्हीत तेच. पहिली दहा टर्न (खेळी) चांगली जागा शोधत फिरतो, मग स्टोनहेंज (जगात एकालाच बांधता येणारं आश्चर्य) बांधायला घेतो, तेवढ्यात बार्बेरियन (रानटी टोळ्या) येतात. त्यांना कसंबसं परतवलं की शेजारचा मोंटेझुमा (कॉम्प्युटर चालवतो तो अझ्टेक राजा) येतो. काल त्याच्या ईगल वॉरियरने माझा एकुलता एक वॉरियर मारला आणि तोच गडी त्यांच्याकडे बिल्डर होऊन शेत करायला लागला! शांतपणे खेळायची सोयच नाही का या गेममध्ये?

किल्ला_तलाव

गांधी घेतलास आणि शांतता मागतोस? अणुबॉम्ब शेवटी तोच टाकतो, सगळ्या जगाला ठाऊक आहे. (ह. घ्या.)

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

मर्दा, मोंटेझुमा यायच्या आधीच तू हरलेला असतोस. दहा टर्न फिरलास म्हणजे दहा टर्न तुला राजधानीच नाही. पहिल्या टर्नला, फार तर तिसऱ्याला, सेटलर (शहर वसवणारी टोळी) बसवून टाक. बघायचं ते गोडं पाणी. नदीकाठी किंवा तळ्याकाठी ५ घरं मिळतात, समुद्रकाठी ३, कोरड्यावर २. घरं भरली की लोकसंख्या अडते. बेळगावला राकसकोपचं, हिडकलचं पाणी आणून भागवतात, तसं गेममध्ये ॲक्वेडक्ट बांधून भागवता येतं, पण ते लई उशिरा.

स्टोनहेंज सोड. मीपण पहिल्या डावात हौसेनं धरलं होतं, पुरं व्हायला दोन टर्न असताना दुसऱ्यानंच बांधलं. रात्री दीड वाजता लॅपटॉप असा आपटून मिटला की बायको उठून बघायला आली. आता माझी सुरुवात ठरलेली: स्काऊट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, परत स्लिंगर, परत सेटलर. प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो आणि शहराचा एक माणूस घेऊन जातो, म्हणून उशीर करू नये. स्काऊट पहिला अशासाठी की एखादी सिटी-स्टेट (एका शहराचं छोटं राज्य) सगळ्यांच्या आधी तुला भेटली तर तिथं एक एन्व्हॉय (दूत) फुकट.

आता बार्बेरियन. त्यांचा एक स्काऊट तुझ्या शहराजवळ घुटमळून जातो बघ. शहर दिसलं की त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं आणि तो छावणीकडे पळतो. तो पोचला की धाड आलीच. म्हणून तो वाटेतच मारायचा, नाही तर अडवायचा. स्लिंगरनं मारलास तर तिरंदाजीचा युरेका (तो शोध लवकर लागायची सवलत) पण मिळतो.

शांत खेळायचं म्हणजे सैन्य ठेवायचं नाही असं तू धरून चाललायस, तिथं गडबड आहे. येळ्ळूरला आमची थोडी भातजमीन आहे. शेजारी देवमाणूस, पण कुंपण नसलं की त्याची गुरं आमच्या भातात. गुरांना काय माहीत मालक देवमाणूस हाय ते? कॉम्प्युटरपण तुझी ताकद मोजतो, हलकी दिसली की येतो. तीन तिरंदाज आणि मोंटेझुमाच्या बाजूच्या आपल्या शहराला तटबंदी, एवढ्यानं माझे डावच्या डाव निघालेत. एक बाणसुद्धा सोडावा लागत नाही.

कुणी नवीन भेटला की त्याच टर्नला २५ सोनं देऊन डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठव. पहिल्या भेटीत बहुतेक घेतात, नंतर तोंड वाकडं झालं की परत पाठवतात. मग मैत्रीची घोषणा. ती ३० टर्न टिकते, तेवढ्यात तो तुझ्यावर युद्ध पुकारूच शकत नाही. संपली की लगेच परत विचार, विसरू नको. मी एकदा विसरलो होतो.

मोंटेझुमाचं तर लई सोपं. त्याच्याकडे नसलेली चैनीची वस्तू तुझ्याकडे दिसली की त्याच्या पोटात दुखतं. तुझ्याकडे साखर दोन ठिकाणी असली तर दुसरीचा तुला तसाही काही उपयोग नाही, ती त्याला विकून टाक. त्याचं तोंड गोड, तुला सोनं.

आणि सीमेवर शहर वसवताना जपून. हे बेळगाववाल्यांनी एकमेकांना काय सांगायचं! २०१८ च्या रायझ अँड फॉल या एक्सपान्शनपासून प्रत्येक शहराची निष्ठा मोजतात. नकाशावरच्या नऊ चौकटींच्या आत कुणाची लोकसंख्या किती, त्यावर ती कमी-जास्त होते. त्याच्या मोठ्या शहरांना चिकटून लहान गाव बसवलंस तर ते आधी स्वतंत्र होतं आणि मग ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे जातं. १९५६ पासूनचा वाद तिथं वीसेक टर्नात मिटतो, कमिशन न नेमता. शहरात गव्हर्नर बसवला की निष्ठेला दर टर्नला ८ चा आधार मिळतो. तरी आपली शहरं एकमेकांजवळ ठेवलेली बरी.

डिस्ट्रिक्टचं (शहराच्या खास विभागांचं) एक गुपित: पहिला लोकसंख्या १ ला, मग ४ ला, ७ ला. जागा ठरवून टाकली की त्याची किंमत तिथंच गोठते, बांधलास नंतर तरी चालतं. कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) डोंगराला लागून. पहिला ट्रेडर आपल्याच दोन शहरांत फिरव. अन्न येतं आणि तो जाईल तिथं रस्ता होतो, टेंडर नाही, काही नाही.

किल्ला_तलाव, पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये गांधीच्या आक्रमकपणाचा आकडा शून्याखाली जाऊन चुकून २५५ झाला आणि तो भडकला, ही कथा गेम बनवणाऱ्या सिड मायरनंच २०२० मध्ये खोटी म्हणून सांगितलीय. सहामध्ये मात्र गंमत म्हणून मुद्दाम घातलंय, कॉम्प्युटरचा गांधी अणुबॉम्बप्रेमी निघायची शक्यता जास्त. इथं गांधी म्हणजे मलप्रभाकाठ स्वतःच आहे, बटण त्याच्याच हातात.

निपाणी_चिकोडी_बस

वरचं सगळं सहासाठी बरोबर. पण कुणी मोबाइलवर अनसिव्ह नावाचा गेम खेळत असेल तर सेटलरचा सपाटा लावू नका. मी शाळेत जाता-येता बसमध्ये तेच खेळते. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, जुन्या फोनवरही चालतं. ते पाचव्या सिव्हिलायझेशनच्या धर्तीवर आहे. तिथं प्रत्येक शहरामागे ३ नाराजी आणि प्रत्येक माणसामागे आणखी १. सुरुवातीला सहा शहरं केलीत की लोक रुसतात आणि वाढ थांबते. ट्रॅडिशन हे धोरण घेऊन चार शहरं, चारही नीट पोसायची. मला तरी ते सहापेक्षा निवांत वाटतं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

उद्यमबाग दादा, काल नवीन डाव मांडला. दुसऱ्या टर्नला नदीकाठी बसलो. बार्बेरियनचा स्काऊट स्लिंगरनं टिपला. मोंटेझुमानं डेलिगेशन घेतलं, त्याला चहा विकला. सत्तराव्या टर्नला पाच शहरं आहेत, मैत्रीही झाली. पण आता दुसऱ्या बाजूनं कुणीतरी माझ्या दोन शहरांच्या मधोमध येऊन गाव बसवलंय. त्याचं काय करू?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

काही करू नकोस. दोन्हीकडे गव्हर्नर बसव, शेतं वाढव, लोकसंख्या चढू दे. त्या गावाच्या निष्ठेचा आकडा रोज बघत जा. आपोआप तुझ्याकडे आलं की इथं सांग.