कॉकटेल ड्रेस: कमी, मध्यम आणि मोठ्या बजेटमध्ये नेमकं काय बघून घ्यावं?

निळीशाई:
संध्याकाळच्या समारंभाला घालायला गुडघ्यापर्यंतचे कॉकटेल ड्रेस घ्यायचे आहेत. आम्ही तिघी आहोत आणि तिघींचं बजेट वेगळं आहे. एकीला कमीत कमी पैशांत भागवायचंय, दुसरीचं बजेट मध्यम, तिसरी मात्र एकच घेईन पण वर्षानुवर्षं वापरेन म्हणते. फोटोत सगळे ड्रेस सारखेच छान दिसतात, मग जादा पैसे जातात कशाला? कमी पैशांत कुठे तडजोड चालेल आणि कुठे अजिबात नाही? कमी बजेटवालीला टिकल्यांचा ड्रेस हवाय, तिसरीला स्ट्रॅपलेस. ट्रायल घेताना काय तपासायचं तेही सांगा.

दोराबिरा:
जादा पैसे जातात ते आतल्या बाजूला. त्यामुळे ड्रेस हातात आला की आधी उलटा करा.

पहिली बघायची ती माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. स्वस्त ड्रेसमध्ये ओव्हरलॉकच्या (कड कापून त्यावर दोरा गुंफणाऱ्या मशीनच्या) टिपेलगत कापलेली जेमतेम ७ ते १० मिलिमीटर माया असते. असा ड्रेस आत घेता येतो, सैल करता येत नाही. चांगल्या ड्रेसच्या बाजूच्या शिवणीत दीड ते अडीच सेंटीमीटर माया मिळते. हिशोब सोपा आहे: २ सेंटीमीटर माया असेल आणि १ ठेवून १ सोडली, तर एका शिवणीत पुढचा-मागचा मिळून २, दोन्ही बाजूंना मिळून ४ सेंटीमीटर घेर वाढतो. अस्तरही तेवढंच सोडावं लागतं हे विसरू नका. आणि सॅटिन किंवा मखमलीवर जुन्या टिपेची भोकं दिसत राहतात, त्यामुळे तिथे माया असूनही ड्रेस सोडवायला जाऊ नये.

मग चेन. लपणारी चेन कंबरेच्या जोडावर अडकते, कारण तिथे कापडाचे थर जास्त असतात. चार-पाच वेळा वरखाली करून बघा. चेन लावल्यावर कंबरेची शिवण डावी-उजवीकडे एकाच रेषेत आली पाहिजे. अर्धा सेंटीमीटर फरक असला तरी मागून लगेच डोळ्यांत भरतो. वर हूक आहे की नाही तेही बघा, नाहीतर सगळा ताण चेनच्या टोकावर येतो.

खालची दुमड चांगल्या ड्रेसला ३ ते ५ सेंटीमीटर असते आणि हातशिलाईने, टाके बाहेर न दिसता घातलेली असते. स्वस्तात एकदाच दुमडून मशीन फिरवलेली असते. शिफॉन-जॉर्जेट मात्र याला अपवाद. त्यांना बारीक गुंडाळलेली कडच शोभते.

आता कमी बजेट. इथे कापड आणि कट हेच सर्वस्व. मॅट क्रेप घ्या, ३ ते ५ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलेला, गडद रंगात, साध्या गळ्याचा. पातळ चकचकीत सॅटिन टाळा. चकाकणाऱ्या कापडावर शिवणीची प्रत्येक चुणी उजेड पकडते, त्यामुळे जी सदोष शिलाई क्रेपवर कोणाला दिसणार नाही ती सॅटिनवर लांबूनही कळते. चिकटवलेले खडे आणि जाड नायलॉनची लेसही नको. जेवढी सजावट कमी, तेवढी लबाडी उघडी पडायला जागा कमी. १९२६ मध्ये अमेरिकेच्या ‘व्होग’ या फॅशन मासिकाने फ्रेंच डिझायनर शनेलच्या एका साध्या काळ्या ड्रेसचं रेखाटन छापून त्याला सर्वत्र दिसणाऱ्या फोर्ड मोटारीची उपमा दिली होती. तो ड्रेस क्रेपचाच होता, आणि त्याचं सगळं सौंदर्य कटमध्ये होतं.

कापडाच्या दोन चाचण्या: मुठीत दहा सेकंद घट्ट धरून सोडा, सुरकुत्या तशाच राहिल्या तर बसून उठल्यावर मांडीवरही राहतील. दुसरी, आतून हात घालून उजेडासमोर धरा. बोटं मोजता आली तर फ्लॅशमध्ये आतले कपडे दिसणार.

आणि बजेटचा पाव भाग अल्टरेशनसाठी बाजूला काढूनच ड्रेस शोधायला निघा. अंगावर नीट बसलेला स्वस्त ड्रेस झोळ पडलेल्या महागड्या ड्रेसपेक्षा कधीही देखणा दिसतो. उंची, खांद्याचे पट्टे, बाजूची शिवण, पाठीचे टक्स (आकारासाठी शिवलेल्या चुण्या) ही कामं सोपी. खांदा, मुंढा (बाही जोडायची जागा) आणि छातीचा टक्स चुकीच्या जागी असणं ही कामं अवघड आणि खर्चिक. तिथे बसत नसेल तर ड्रेस परत ठेवा.

काजबटण:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त काळ्या रंगाबद्दल एक सावधगिरी. काळ्यात शिवणीचे दोष लपतात हे खरं, पण अंग क्रेपचं आणि बाह्या जाळीच्या असतील तर दोन कापडांतला काळा सारखा नसतो. साध्या दिव्यात कळत नाही, फ्लॅशमध्ये एक तांबूस आणि एक निळसर दिसतो. काळा घ्यायचा तर एकाच कापडाचा, नाहीतर गडद निळा किंवा बाटली हिरवा.

आता टिकल्या. स्वस्त ड्रेसमध्ये ताणल्या जाणाऱ्या जाळीवर टिकल्यांची अखंड ओळ एकाच साखळी-टाक्याने बसवलेली असते. एक दोरा तुटला आणि ओढला गेला की अख्खी ओळ निसटते. उलट्या बाजूने सुटी टोकं दिसली तर घालण्याआधीच गाठ मारून घ्या.

दुसरा त्रास काखेत होतो. महाग ड्रेसमध्ये मायेतल्या टिकल्या आधी काढतात, मग शिवण घालतात आणि शिवणीवरची मोकळी जागा हाताने टिकल्या लावून भरतात. स्वस्तात टिकल्यांसकट ओव्हरलॉक फिरवतात. कापलेल्या टिकल्यांच्या धारदार कडा आत राहतात आणि तासाभरात काख सोलवटते. उपाय आहे: मुंढ्याच्या आणि बाजूच्या शिवणीवर आतून मऊ सुती पट्टी हाताने शिवून घ्या.

इस्त्री लावू नका, वाफही नको. प्लॅस्टिकच्या टिकल्या उष्णतेने वळतात आणि त्यांची चमक जाते, ती परत येत नाही. हँगरला टांगूनही ठेवू नका, वजनाने जाळी लांबते. उलटा करून सैल घडी घाला.

खरं सांगायचं तर कमी बजेटमध्ये पूर्ण टिकल्यांचा ड्रेस विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्यावा. असा ड्रेस पुन्हापुन्हा घातला जात नाही, आणि भाड्याने त्याच पैशांत कितीतरी वरच्या दर्जाचं काम मिळतं. घेताना चेन, काख आणि खालची कड दुकानदारासमोरच तपासा, आधीचे डाग लिहून घ्या आणि उंचीला तात्पुरते कच्चे टाके घातलेले चालतात का ते विचारा. कात्री लावू देत नाहीत.

घेरदार:
मधल्या आणि वरच्या बजेटबद्दल लिहिते.

मध्यम बजेटमध्ये पैसे अस्तरावर खर्च करा. व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं (दोन्ही वनस्पतींपासून केलेली रेशमासारखी कापडं) अस्तर घाम शोषतं. पॉलिस्टरचं अस्तर अंगाला चिकटतं आणि स्टॉकिंग्ज घातले तर चालताना वर चढतं. अस्तर ड्रेसपेक्षा साधारण २ सेंटीमीटर आखूड आणि खालून मोकळं हवं, बाजूच्या शिवणीला फक्त दोऱ्याच्या साखळीने अडकवलेलं. बाहेरचं कापड ताणलं जाणारं आणि अस्तर न ताणलं जाणारं असेल तर बसताना अस्तराची शिवण उसवते, हे मध्यम किमतीच्या ड्रेसमध्येही सर्रास आढळतं. प्रिन्सेस कट मिळाला तर उत्तम. छातीपासून कंबरेपर्यंत सलग शिवण असल्यामुळे फिटिंग दुरुस्त करायला वाव राहतो.

साइझच्या आकड्यावर जाऊ नका, टेप घ्या. न ताणल्या जाणाऱ्या कापडात ड्रेसचं माप अंगापेक्षा छातीला ४ ते ६, कंबरेला २ ते ४ आणि सीटला (नितंबांच्या घेराला) ४ ते ६ सेंटीमीटर जास्त हवं. खुर्चीवर बसा, दोन्ही हात वर करा, वाकून बूट घातल्यासारखं करा. मांडीवर आडवे सळ पडले तर सीटला कमी आहे.

वरच्या बजेटमध्ये स्ट्रॅपलेस हा योग्य निर्णय आहे, कारण स्वस्तात तो नीट बनूच शकत नाही. स्ट्रॅपलेस ड्रेस छातीने धरलेला नसतो, कंबरेने धरलेला असतो. आत कंबरेवर सुमारे अडीच सेंटीमीटर रुंदीची न ताणली जाणारी ग्रोसग्रेन (आडव्या रेघांच्या जाड विणीची) पट्टी असते, ती चेनच्या आधी स्वतंत्र हूकने लावायची. ड्रेसचं वजन त्या पट्टीवर येतं आणि बोनिंगच्या (शिवणींत घातलेल्या आधाराच्या) काड्या वरचा भाग उभा धरतात. काड्या फक्त दोन्ही बाजूंच्या शिवणींत असतील तर पुरत नाहीत, पुढच्या प्रिन्सेस शिवणींतही हव्यात. पातळ प्लॅस्टिकच्या काड्या अंगाच्या उष्णतेने कंबरेवर वाकतात आणि तिथेच टोचतात, स्टीलच्या स्पायरल काड्या अंगाबरोबर वळून परत सरळ होतात. नुसती सिलिकॉनची पट्टी म्हणजे आधार नव्हे. ट्रायलमध्ये चार-पाच उड्या मारा. एकदाही वर ओढावासा वाटला तर तो ड्रेस संध्याकाळभर ओढतच बसावं लागेल.

सिल्कचा घेणार असाल तर सॅटिनला किमान १९ मॉमी (सिल्कच्या कापडाचं वजन मोजायचं एकक) वजन बघा. त्याखाली कापड सुंदर सुळसुळतं, पण शिवणीजवळ ताण सोसत नाही, दोरे सरकून फट पडते. म्हणून सिल्क कधीच चापूनचोपून घेऊ नये. घामाचे आणि पाण्याचे डागही राहतात, काखेत काढता-घालता येणारे पॅड शिवून घ्या.

निळीशाई:
खूप उपयोगी, तिघींनाही पाठवलं. टिकल्यांचा भाड्याने घ्यायचं ठरलं. मध्यम बजेटवालीला उरेब (तिरक्या) कापाचा, खांद्याला बारीक पट्टे असलेला सॅटिन स्लिप ड्रेस आवडलाय. ६ सेंटीमीटर आखूड करायचाय. नेहमीसारखं कापून दुमडलं तर चालेल?

दोराबिरा:
नाही. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं आणि सगळीकडे सारखं ओघळत नाही, त्यामुळे टेबलावर सरळ कापलेली कड अंगावर वरखाली दिसते. जुनी दुमड पूर्ण उसवा, ड्रेस २४ तास टांगून ठेवा. मग जिचा आहे तिने, जे सँडल घालायचे तेच घालून, उभं राहायचं आणि दुसरीने जमिनीपासून वर पट्टीने मोजत दर ५-७ सेंटीमीटरवर टाचणी लावायची. खडूच्या खुणा सॅटिनवर राहतात, म्हणून टाचणीच, तीही बारीक आणि खुणेच्या खाली, म्हणजे भोकं कापल्या जाणाऱ्या भागात जातील. तयार उंचीच्या खाली १ सेंटीमीटर ठेवून कापा, ६० किंवा ७० नंबरची नवी सुई लावा आणि ५ मिलिमीटरची दुहेरी बारीक दुमड घाला. शिवताना कापड अजिबात ओढू नका, ओढलं की कडेला लाटा येतात आणि त्या इस्त्रीनेही पुरत्या जात नाहीत.