हिपॅटायटिस बी असताना थोडी दारू चालते का?

प्रश्न (खानापूर): माझ्या थोरल्या भावाला हिपॅटायटिस बी असून टेनोफोविरची गोळी रोज चालू आहे; रक्ततपासणी चांगली आल्यामुळे जत्रेत पाहुण्यांच्या आग्रहाखातर एखादा पेग घेतल्यास बिघडत नाही, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर (निपाणी): नाही, दादा. गोळी विषाणूची वाढ रोखते, दारूपासून यकृताचे रक्षण करत नाही. दारूपासून यकृतात तयार होणारे विषारी द्रव्य अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींना इजा करते आणि विषाणूमुळे आधीच सुजलेल्या यकृतात सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) व कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. एका पेगचाही आग्रह नको.

उत्तर (बेळगाव): रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम सामान्य असूनही यकृतात व्रण असू शकतात, हे माझ्या काकांच्या बाबतीत फार उशिरा कळले. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, कारण ती एकदम बंद केल्यास आकडीचे झटके (फिट्स) येऊ शकतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तो रोज पीत नाही. हे त्याला आजच वाचून दाखवतो.