जपानी मंगातलं सायफाय: बॉम्ब की बाप?

रात्रपाळी

काल ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाशी जाम वाजलं. तो म्हणे जपानी सायफाय मंगा (म्हणजे तिकडची कॉमिक्स) कुठलीही उघड, शहर उडणार, ढग उठणार, मग उरलेले लोक राखेत बसून विचार करणार, हिरोशिमा-नागासाकी सोडून या लोकांना दुसरं सुचतच नाही. चहा गार झाला पण वाद संपला नाही म्हणून इथे धागा काढतोय.

माझं म्हणणं असंय की हा हिरोशिमाचा फॉर्म्युला फार आळशी आहे. कुठेही चिकटवा, चिकटतो. बॉम्ब दिसतो, मान्य, पण गोष्ट बॉम्बची नसतेच, गोष्ट बापाची असते. म्हणजे मोठ्या माणसांनी काहीतरी अचाट बनवून ठेवलंय, ते त्यांना झेपत नाही, आणि निस्तरायला पोरं.

तेझुका ओसामूचा अॅटम घ्या, १९५२ पासूनचा. डॉ. तेन्माचा मुलगा अपघातात जातो, हा त्याच्यासारखाच रोबो बनवतो, लाड करतो, आणि काही काळाने बघतो तर पोरगं उंचच होत नाहीये. स्वतः शास्त्रज्ञ, स्वतः स्क्रू पिळलेत, आणि यंत्र वाढत नाही म्हणून चिडतो! आणि काय करतो तर सर्कशीला विकून टाकतो. मला यात कुठेही ढग दिसत नाही, फक्त एक नालायक बाप दिसतो.

१९५६ चा तेत्सुजिन २८ बघा. महायुद्धात जपानी सैन्यासाठी बनवायला घेतलेला राक्षसी रोबो, युद्ध संपल्यावर त्याचा रिमोट येतो बनवणाऱ्याच्या मुलाच्या हातात, शोतारो कानेदा. रोबोला स्वतःची अक्कल नाही, रिमोट चोराच्या हातात गेला की तो चोराचं ऐकतो. १९७२ चा माझिंगर झेड, तिथे बापाऐवजी आजोबा. मरता मरता नातवाला सांगतात की हा घे, याच्या जोरावर तू देव होऊ शकतोस नाहीतर सैतान. अरे म्हातारबा, पोराला निदान क्लच-ब्रेक तरी दाखवा!

तर बोला. बॉम्ब की बाप?

खवचट_खारुताई

बाप. बाप रे बाप.

रात्रपाळी, झोप पूर्ण होत नाहीये का तुमची? ज्या अॅटमचं उदाहरण देताय त्याच्या बहिणीचं नाव उरान, म्हणजे युरेनियमवरून, आणि भावाचं नाव कोबाल्ट. अख्खं कुटुंब अणुभट्टीतून आलंय आणि तुम्हाला ढग दिसत नाही? तेझुका शाळकरी वयात ओसाकाच्या शस्त्रकारखान्यात राबत होता, जून १९४५ च्या बॉम्बवर्षावातून थोडक्यात वाचला. तो माणूस पुढे आयुष्यभर जळणारी शहरं काढत राहिला तर ते आळशी फॉर्म्युला नाही हो, ते त्याने डोळ्याने बघितलेलं आहे.

त्याचंच फिनिक्स, त्यातला भविष्याचा खंड, १९६७ चा. साल ३४०४, माणसं जमिनीखालच्या शहरांत राहतात, सगळे निर्णय संगणक घेतात. दोन शहरांचे संगणक भांडतात, दोघंही मीच बरोबर म्हणून अडून बसतात, आणि अणुयुद्ध. सगळं खलास. एकच माणूस उरतो, तो पण अमर, आणि पृथ्वीवर पुन्हा जीव उगवायची वाट बघत बसतो. यात बाप कुठाय ते दाखवा.

आणि ओतोमोच्या अकिराचं पहिलं पान आठवतंय ना. ६ डिसेंबर १९८२, तोक्योवर नव्या प्रकारचा बॉम्ब. "नव्या प्रकारचा बॉम्ब" हे शब्द कुठून आलेत माहितीये? ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा झाल्यावर जपानी सैन्याने जे निवेदन दिलं त्यात अणुबॉम्ब म्हटलंच नव्हतं, हेच शब्द होते. जपानी वाचकाला ते दोन शब्द वाचले की पुढचं सांगावं लागत नाही.

रात्रपाळी

खारुताई, थँक्यू, अकिराचीच वाट बघत होतो.

त्या नव्या प्रकारच्या बॉम्बचं पुढे काय निघतं? बॉम्ब नव्हताच. पोरगं होतं. सरकारी प्रयोगशाळेत मुलांवर प्रयोग चालले होते, त्यातल्या एकाची ताकद सुटली आणि शहर गेलं. मग त्याला ऑलिम्पिक स्टेडियमच्या पोटात गोठवून ठेवलं, वर २०२० च्या ऑलिम्पिकची तयारी चालूच. (हे १९८२ साली लिहिलेलं आहे आणि तोक्योला २०२० खरंच मिळालं, याचं मला अजून हसू येतं.) आणि त्या पोराचा नंबर किती? २८. हिरोचं नाव कानेदा, मित्राचं तेत्सुओ. ओतोमो सरळ सरळ तेत्सुजिन २८ कडे बोट दाखवतोय! दोन हजारांवर पानं तुम्ही बॉम्ब शोधत जाता आणि हाती लागतं ते मोठ्यांनी वापरून गोठवून टाकलेलं एक लहान मूल. मी हेच म्हणत होतो.

आणि उरान-कोबाल्टचं म्हणाल तर ती भीती नाही, ती त्या काळातली हौस आहे. अणू म्हणजे उद्याची वीज, उद्याचं विमान असं वातावरण. बॉम्बच्या जखमेतून आलेला माणूस आपल्या लाडक्या हिरोच्या पोटात अणुऊर्जा कशाला ठेवेल?

मिसळखाऊ

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत माझी एक जिलबी.

आमच्या पिढीला सायफाय मंगा म्हणजे डोरेमॉन, तो पण हिंदीतून, शाळेतून आल्यावर पोळीचा लाडू खात. मोठं झाल्यावर कळलं की याच्या पहिल्या गोष्टीत नोबिताने एवढं कर्ज करून ठेवलंय की त्याच्या नातवाच्या नातवापर्यंत ते फिटत नाही, त्या बिचाऱ्याला नवीन वर्षाला खाऊला ५० येन मिळतात, म्हणून तो वैतागून रोबो मांजर मागे पाठवतो. म्हणजे इथे बापाने पोराला नाही, पोराने पणजोबा-खापरपणजोबाला मशीन दिलंय. रात्रपाळी, तुमची थिअरी उलटी टांगली.

रात्रपाळी

उलटी नाही हो, तीच. मोठ्यांनी घाण केली, पोरगं निस्तरतंय. तुम्ही माझ्याच बाजूने गोल मारलात.

हिशेबनीस

वाचतोय गंमत. सगळे आशय शोधताय, कोणी गल्ला बघत नाहीये.

पोरंच का हिरो? कारण मासिक पोरं विकत घेतात. शोनेन म्हणजेच मुलगे. दर आठवड्याला निघणारे मुलांचे अंक, त्यात पन्नाशीचा शास्त्रज्ञ रोबो चालवायला लागला तर कोण घेणार? मग शास्त्रज्ञाला पहिल्या दहा पानांत मारायचा आणि किल्ली नातवाला. यात बापाची मानसिकता वगैरे काही नाही, कथेची सोय आहे. माझिंगरच्या आधी बहुतेक रोबो बाहेरून चालायचे, याच्या डोक्यात बसून चालवायचं हे नागाई गोने आणलं, कारण वाचणाऱ्या पोराला तिथे स्वतःला बसवता येतं. त्याच वर्षी टीव्ही मालिका, आणि १९७४ ला त्याच्या काल्पनिक धातूचं नाव लावून चोगोकिन नावाची जड धातूची खेळणी बाजारात. ती इतकी चालली की पुढच्या रोबोंचं डिझाइन खेळणं कसं दिसेल हे बघून व्हायला लागलं.

बॉम्ब नाही, बाप नाही. बाजार.

खवचट_खारुताई

हिशेबनीस, मग अकिरा कुठलं खेळणं विकायला होतं? ते तरुणांच्या मासिकातलं. ती लाल बाईक सोडून सांगा.

हिशेबनीस

लाल बाईक सोडून कशाला सांगू, तीच तर विकली गेली :)

पण ठीके, मुद्दा घेतला. वाचकाचं वय वाढलं की गल्ल्याचा नियम सैल होतो.

ओसाकावाली

नमस्कार मंडळी. पुण्यात जपानी शिकले, आता सात वर्षं ओसाकात. तीन दिवस वाचतेय आणि आता राहवत नाही, कारण तुम्ही बापे सगळे मुलग्यांच्याच कपाटात हात घालताय. बॉम्ब, बाप, बाजार, यात बाई कुठेय?

हागिओ मोतो, १९७५. मुलींच्या मासिकात आलेली गोष्ट. अंतराळ विद्यापीठाची शेवटची परीक्षा, दहा जणांच्या तुकडीने एका बंद यानात ५३ दिवस काढायचे. आत गेल्यावर मोजतात तर अकरा. कोण जास्तीचा ते कोणालाच माहीत नाही, आणि घाबरून बटण दाबलं की अख्खी तुकडी नापास. त्यातलं एक पात्र, फ्रोल, अशा जमातीतलं की मोठं होईपर्यंत बाई की पुरुष ठरतच नाही. पास झालं तर पुरुष व्हायची परवानगी, नाहीतर बाई होऊन कोणाच्या तरी घरात जायचं. ही गोष्ट बारा-चौदा वर्षांच्या मुली वाचत होत्या! तिथे रोबो नाही, स्फोट होईल की काय ही धाकधूक आहे पण खरी धाकधूक शेजारी बसलेल्याची. पुढे ताकेमिया केइको, १९७७ पासून, माणसांची मुलं यंत्र ठरवणार, आईबाप यंत्र नेमणार, आणि जी मुलं वेगळी निघतील ती काढून टाकणार.

आणि रात्रपाळी, बाप बाप करताय पण उमेझु काझुओच्या त्या शाळेच्या गोष्टीत (१९७२ ते ७४) आई आहे. अख्खी प्राथमिक शाळा भविष्यातल्या वाळवंटात जाऊन पडते, मास्तर लोक वेडे होतात नाहीतर मरतात, सहावीतली पोरं शाळा चालवतात. आणि इकडे वर्तमानात एकटी आई, सगळे तिला भ्रमिष्ट म्हणतायत, ती हॉटेलच्या खोलीच्या भिंतीत सुरी लपवते, कारण तिला कळतं की पोराला आत्ता सुरी हवीये. भविष्यात पडक्या भिंतीतून ती पोराच्या हाताला लागते. टाइम ट्रॅव्हलचं इतकं साधं यंत्र मी दुसरीकडे बघितलं नाही. भिंत आणि आई.

रात्रपाळी

ताई दंडवत. आईचं मान्य. पण मास्तर वेडे होतात आणि पोरं शाळा चालवतात हे तुम्हीच लिहिलंत हां.

कोकणचा_काका

सगळेजण मियाझाकीला विसरलात? नाउसिका! पिक्चर सगळ्यांनी बघितला असेल १९८४ चा, पण मंगा सात भागांची आहे, १९८२ ला सुरू झाली ती १९९४ ला संपली. तिथे बॉम्ब जुना झाला, हजार वर्षांपूर्वीचा. आता प्रश्न विषारी जंगलाचा. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत कारखान्याने पारा सोडला, माणसं-मांजरं तडफडून मेली, मासेमारी बंद पडली आणि मग त्याच खाडीत मासे परत वाढायला लागले, त्यावरून त्याला हे सुचलं म्हणतात. आमच्याकडे खाडीकाठी केमिकलवाले आल्यापासून मासे कसे कमी झाले ते बघितलेल्या माणसाला हे वाचताना पोटात कालवतं. मुद्दा काय, तर माणूस घाण करतो आणि निसर्ग गुपचूप साफ करतो. हाच खरा विषय.

ओसाकावाली

काका, पिक्चरपुरतं बरोबर. मंगाच्या शेवटी हे सगळं उलटतं ना पण. ते जंगल निसर्गाने केलेलंच नसतं, जुन्या माणसांनी पृथ्वी साफ करायला बनवून ठेवलेलं असतं. आणि आत्ताची माणसंही त्या विषाला जुळवून घेतील अशी बदललेली, स्वच्छ हवेत ती जगणारच नाहीत. म्हणजे निसर्ग वगैरे कोणी वाचवायला आलेलं नाही, पूर्वजांचा प्लॅन चालू आहे.

रात्रपाळी

पूर्वजांचा प्लॅन! बाप!!

लोकोशेड

मी रेल्वेत मेंटेनन्सला. मला यातलं फक्त प्लानेतेस आवडतं, युकिमुरा माकोतोचं, १९९९ चं. २०७० च्या दशकात अंतराळातला कचरा गोळा करणारी गँग. एका स्क्रूने यान फुटतं आणि एकाची बायको जाते, एक साधा स्क्रू, पण खालच्या कक्षेत सेकंदाला सात-आठ किलोमीटरने फिरणारा. हिरोला स्वतःचं यान घ्यायचंय आणि पगार पुरत नाही. ट्रॅकवर पडलेला नट उचलणाऱ्या माणसाला हे सायफाय वाटतच नाही. बाकी तुमचं चालू द्या.

खवचट_खारुताई

लोकोशेड +१, हे मागवते.

रात्रपाळी, एक राहिलं. तुमचं ते अणू म्हणजे हौस. तेझुकालाच पुढे त्याचा त्रास झाला, अॅटमला धरून लोक त्याला अणुवीजवाला समजायला लागले तेव्हा त्याला सांगावं लागलं की मी त्याच्या विरोधात आहे. आणि २०११ ला फुकुशिमा झाल्यावर काही महिन्यांत चित्रं कोणी काढली? ओसाकावालीताईंच्या त्याच हागिओने. तिथल्या एका लहान मुलीची गोष्ट, आणि मग प्लुटोनियमलाच सजवून नटवून बाई म्हणून उभं केलं. साठीच्या बाईला पुन्हा तिथेच यावं लागलं. म्हणून म्हणते, जखम आहे, आणि तिच्यावर बोट ठेवणं म्हणजे आळस नव्हे.

रात्रपाळी

हागिओचं हे माहीत नव्हतं. वाचतो. आळशी हा शब्द मागे घेतो, तो कँटीनवाल्यासाठी होता, तुमच्यासाठी नाही.

पण नाउसिकाचा सातवा भाग काढलाच आहे तर बघा, जुन्या युद्धातला तो देव-योद्धा, चालताबोलता अणुबॉम्बच, तो जागा होतो आणि नायिकेला, नाउसिकालाच, आई म्हणायला लागतो. ती त्याला नाव ठेवते, समजावते, आणि त्याच्या अंगातून निघणाऱ्या उजेडाने स्वतः आजारी पडत जाते. आता हा बॉम्ब म्हणू की पोर?

खवचट_खारुताई

बॉम्ब. लाडावलेला.

कोकणचा_काका

अहो मी पाचव्या भागात आहे अजून!!! जंगलाचं सांगितलंत, योद्ध्याचं सांगितलंत, आता दोन भाग कशाला वाचू मी? स्पॉयलर लिहायची पद्धत आहे की नाही इथे?

मिसळखाऊ

काका, डोरेमॉन बघा. त्यात शेवटच नाहीये.