कुलवृत्तांतासाठी ग्रुप फोटोतून चेहरे वेगळे काढायचे आहेत: क्रॉप आणि लेयरबद्दल सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं आहे आणि फोटोंचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्या आवृत्तीत नुसती वंशावळ होती. या वेळी प्रत्येक नावाशेजारी छोटा फोटो हवा, असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण जुन्या पिढीतल्या बायकांचे, विशेषतः आज्या-पणज्यांचे, एकट्याचे फोटो जवळजवळ नाहीतच. आहेत ते लग्न-मुंजीतले ग्रुप फोटो. त्यातून एकेक चेहरा वेगळा काढायचा आहे. छापील आकार पासपोर्ट फोटोएवढा, म्हणजे ३५ × ४५ मिमी ठरला आहे.

माझ्या लॅपटॉपवर जिंप २.१० (फोटो संपादनाचं फुकट सॉफ्टवेअर) आहे. भाच्याकडे फोटोशॉप आहे, पण तो नोकरीमुळे बाहेरगावी असतो. अडचणी अशा:

एका फाइलमध्ये खाली राखाडी पार्श्वभूमी आणि वर फोटो असे दोन लेयर (एकावर एक थर) ठेवते. मला फक्त वरचा फोटो छाटायचा असतो, पण क्रॉप केलं की सगळंच छाटलं जातं. दुसरं, फोटो घरच्यांना दाखवला की "अगं, डोक्यावरचा पदर पूर्ण येऊ दे" किंवा "खांदा थोडा दिसू दे" अशा सूचना येतात, आणि त्या रास्तही असतात. प्रत्येक वेळी मूळ स्कॅनपासून सुरुवात करावी लागते. तिसरं, एका फोटोतला तुकडा दुसऱ्यावर पेस्ट केला की कधीकधी त्याची कडाच नाहीशी होते.

फोटोशॉप घ्यावं का, की जिंपमध्येच हे नीट होईल? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

शाईपेन
रानजाई, फोटोशॉप घेऊ नका. या कामासाठी जिंप पुरेसं आहे, हे मी खात्रीने सांगते.

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. कॅनव्हास आणि लेयर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांची मापं वेगळी असू शकतात. कॅनव्हास म्हणजे खिडकी. लेयर त्या खिडकीपेक्षा मोठा असू शकतो, लहान असू शकतो, अर्धा बाहेरही असू शकतो. जिंपमध्ये निवडलेल्या लेयरभोवती पिवळी-काळी तुटक रेघ दिसते ना, ती त्या लेयरची हद्द. काम करताना त्या रेघेवर नजर ठेवायची सवय लावा.

आता क्रॉपचं हत्यार घ्या (शिफ्ट + सी) आणि खालचे पर्याय वाचा. तिथे 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' असा चौकोन आहे. त्यावर खूण नसेल तर क्रॉप केल्यावर फक्त खिडकी लहान होते, फोटो आत आहे तसाच राहतो. मग पदर हवा असेल तर मूव्ह टूलने लेयर खाली सरकवायचा, खांदा हवा असेल तर बाजूला. सगळाच फोटो परत हवा असेल तर 'इमेज' मेनूतलं 'फिट कॅनव्हास टू लेयर्स'. खिडकीबाहेर काय दडलंय ते नुसतं बघायचं असेल तर 'व्ह्यू' मेनूत 'शो ऑल' आहे.

एक अट: फाइल एक्ससीएफमध्येच (जिंपच्या स्वतःच्या प्रकारात) सेव्ह करा. जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, खिडकीबाहेरचा भागही राहत नाही. जेपेग किंवा टिफ फक्त शेवटी, छापखान्याला द्यायला, एक्स्पोर्ट करून.

एकच लेयर छाटायचा असेल तर त्याच पर्यायांत 'करंट लेयर ओन्ली' आहे (जिंप ३ मध्ये 'सिलेक्टेड लेयर्स ओन्ली'). पण तुम्हाला तो वापरू नका असंच सांगेन, कारण त्याने तो लेयर खरोखर कापला जातो आणि पदराची सूचना आली की पुन्हा स्कॅन उघडणं आलंच. त्याऐवजी लेयर मास्क शिका, म्हणजे फोटोचा भाग न कापता नुसता झाकायची सोय.

औदुंबर
+१ लेयर मास्कला.

पेस्टची कडा का जाते ते सांगतो. जिंप २.१० मध्ये पेस्ट केलेला तुकडा आधी तरंगता राहतो, 'फ्लोटिंग सिलेक्शन' म्हणून. तो अँकर (पक्का) केला की खालच्या लेयरमध्ये मिसळतो, आणि खालच्या लेयरच्या हद्दीबाहेर असलेला भाग जातो. उपाय सोपा: तरंगत असतानाच 'लेयर' मेनूतून 'टू न्यू लेयर' करा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जिंप ३.० मध्ये पेस्ट थेट नव्या लेयरवरच होतं, त्यामुळे जमलं तर ती आवृत्ती टाकून घ्या.

भाच्याच्या फोटोशॉपमध्येही हीच सोय आहे. क्रॉप निवडल्यावर वरच्या पट्टीत 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' दिसतं, खूण काढायची. पूर्ण फोटो परत आणायला 'इमेज' मेनूत 'रिव्हील ऑल'. तिथे कुलूप असलेला 'बॅकग्राउंड' लेयर असा क्रॉप केला की आपोआप साधा लेयर होतो, त्याने घाबरायचं कारण नाही.

पीएसडी (फोटोशॉपची) फाइल तुमच्याकडे आली आणि फोटोशॉप नसेल तर फोटोपी आहे. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि फाइल आपल्याच संगणकावर उघडली जाते.

खिळाजुळारी
छापखान्याच्या बाजूने बोलतो. अनेक वर्षं डीटीपीत (संगणकावर पानं लावण्याच्या कामात) आहे आणि कुलवृत्तांत, स्मरणिका ही आमची नेहमीची कामं.

सगळ्यांत आधी स्कॅन, कारण क्रॉपने पिक्सेल वाढत नाहीत, कमीच होतात. ३५ × ४५ मिमीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात. आता तुमचा ६ × ४ इंचांचा ग्रुप फोटो धरा. ६०० डीपीआयने स्कॅन केला तर ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात. एका माणसाने खांद्यापासून खांद्यापर्यंत एक इंच जागा घेतली असेल तर ६०० पिक्सेल मिळाले, उत्तम. पण पंचवीस-तीस माणसांच्या फोटोत एकाच्या वाट्याला अर्धाच इंच येतो, म्हणजे ३०० पिक्सेल. ते ३५ मिमीवर पसरले की साधारण २१८ डीपीआय होतात. मॅपलिथो (पुस्तकांच्या साध्या, बिनचकाकीच्या) कागदावर १३३ लाइनची स्क्रीन (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १३३ ओळी) असेल तर तेवढ्यावर निभावतं. त्याहून कमी भरलं तर फोटो मोठा करण्याच्या फंदात पडू नका, छापताना आकार लहान ठेवा. लहान पण स्पष्ट चेहरा ओळखता येतो, ताणलेला पुसट चेहरा येत नाही.

१२०० डीपीआयने बघायला हरकत नाही, पण जुन्या प्रिंटमध्ये मुळातच तेवढा तपशील क्वचित असतो. बहुतेक वेळा कागदाचा पोत तेवढा मोठा होऊन येतो.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत स्कॅन करा. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात; पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाहीत. जिंपमध्ये 'कलर्स' मेनूत 'कंपोनंट्स', त्यात 'डीकंपोज' करून लाल चॅनल घेतलात तर अर्धी साफसफाई आपोआप झालेली असते. स्कॅनरवरच ग्रे केलंत तर ही वाट बंद होते.

आणि क्रॉपचं शेवटचं माप आमच्यावर सोडलंत तरी चालतं. आम्ही कोरल या सॉफ्टवेअरमध्ये फोटो पॉवरक्लिप करतो, म्हणजे चौकटीत बसवतो. चौकटीबाहेरचा फोटो तसाच राहतो. पानावर नाव दोन ओळींत गेलं आणि जागा हलली तर आतला फोटो सरकवता येतो. इनडिझाइनच्या फ्रेमचंही तेच. त्यामुळे ऑपरेटरला अगदी कानशिलाला चिकटून कापलेला फोटो देऊ नका. चारी बाजूंनी थोडी मोकळीक ठेवा.

ओघात आलं म्हणून सांगतो. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी पेस्ट केलेला तुकडा निवड सुटताच खालच्या चित्रात कायमचा मिसळायचा. त्या काळी एक जोडचित्र करायला किती जपून बसावं लागे ते सांगता येणार नाही. आज लेयर आहेत तर ते मिसळून टाकायची घाई कशाला?

रानजाई
शाईपेन, तुमच्या सांगण्याप्रमाणे खूण काढून बघितलं. अगदी हवं तसं झालं. लेयर सरकवला आणि पदर आत आला! खिळाजुळारी काका, लाल चॅनलबद्दल खूप आभार. आमच्याकडे पावसाळ्यात ओल लागलेले बरेच फोटो आहेत.

आता पुढचा प्रश्न. ग्रुप फोटोत माणसं खेटून बसलेली असतात. पणजीच्या चौकटीत शेजारच्या बाईचा अर्धा चेहरा येतो. तो काढायचा म्हटलं तर पणजीचा खांदाही जातो. मास्कने कसं करू?

शाईपेन
फोटोच्या लेयरवर राइट क्लिक, 'ॲड लेयर मास्क', त्यात 'व्हाइट' निवडा. लेयरशेजारी दुसरा पांढरा चौकोन येईल. त्या चौकोनावर क्लिक करा, म्हणजे ब्रश फोटोवर न चालता मास्कवर चालेल. आता काळ्या रंगाने जे रंगवाल ते लपेल, पांढऱ्याने रंगवाल ते परत येईल. काहीही पुसलं जात नाही, म्हणून निर्धास्तपणे करा. एक्स दाबलं की काळा-पांढरा अदलाबदल होतो.

खांद्याच्या कडेला मऊ ब्रश आणि मोठं झूम. केसांजवळ आणखी मऊ. अगदी धारदार कड काढली तर माणूस कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. खालच्या लेयरची राखाडी छटा मनाने ठरवू नका, कलर पिकरने त्याच फोटोच्या मागच्या भिंतीवरून किंवा पडद्यावरून उचला.

खांदा शेजारणीच्या मागे झाकलेला असेल तर तो रंगवून बनवू नका, हे माझं ठाम मत. चौकट थोडी अरुंद करा किंवा शेजारचं थोडं लुगडं दिसू द्या. कुलवृत्तांत हा दस्तऐवज आहे, त्यात पणजीचा खांदा आपण तयार केलेला नसावा.

औदुंबर
शाईपेन यांच्याशी सहमत, आणि यात एक भर. कापलेल्या फोटोखाली किंवा पुस्तकाच्या शेवटी मूळ ग्रुप फोटोही छापा, कोण कुठे बसलंय ते नावांसह. काही बायकांची त्या फोटोखेरीज कुठेच नोंद नसते.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. क्रॉप केलं म्हणजे कापलेलं गेलं, असं समजू नका. तुम्ही एक्ससीएफ किंवा पीएसडी कुणाला पाठवली तर खिडकीबाहेरचे सगळे लोक त्यात असतात. वर्डमध्येही तसंच: मजकुरात फोटो टाकून तिथे क्रॉप केला तर बाकीचा भाग फाइलमध्येच राहतो. तो खरोखर काढायचा तर फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' करावं लागतं. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअपमध्ये आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये असाच दोष उघड झाला होता. जुन्या फाइलवरच नवी, लहान फाइल लिहिली जायची, पण मागची शेपटी कापली जात नव्हती, त्यामुळे क्रॉप केलेल्या चित्रातला काही भाग परत मिळवता येत होता. नंतर तो दुरुस्त झाला.

आजोबांच्या फोटोत लपवण्यासारखं काही नसेलही. पण हयात माणसांचे, लहान मुलांचे फोटो नातेवाइकांच्या गटात फिरवताना सपाट (सगळे लेयर एक केलेला) जेपेग एक्स्पोर्ट करूनच पाठवा.

रानजाई
हे लक्षात आलंच नसतं. खर्ड्यात हयात मंडळींचे फोटो आहेत, आजच तपासते. मूळ ग्रुप फोटो शेवटी छापायची कल्पना घरी सगळ्यांना आवडली.

काका, छापखान्याला शेवटी नेमकं काय द्यायचं?

खिळाजुळारी
प्रत्येक माणसामागे दोन फाइली ठेवा. लेयर आणि मास्क असलेली एक्ससीएफ तुमच्याकडेच. आम्हाला सपाट केलेली टिफ, ग्रेस्केल, चारी बाजूंनी मोकळीक ठेवून. सपाट करायचं ते एक्स्पोर्ट करताना. 'फ्लॅटन इमेज' करून तीच एक्ससीएफ सेव्ह करू नका. क्रॉपच्या पर्यायांत 'फिक्स्ड'वर खूण करून 'ॲस्पेक्ट रेशो' ३५:४५ टाकलंत तर सगळ्या चौकटी एकाच प्रमाणात येतील.

फाइलचं नाव वंशावळीतल्या क्रमांकाने द्या, व्यक्तीच्या नावाने नको. आजोबा आणि नातू एकाच नावाचे प्रत्येक घराण्यात असतात आणि पानावर फोटो अदलाबदल होतात. पहिल्या शाखेचे फोटो तयार झाले की आमच्यासारख्या कुणाकडून एक पान त्याच कागदावर काढून घ्या. पडद्यावर ठीक दिसणारा चेहरा मॅपलिथोवर थोडा काळवंडतो, मग सगळेच फोटो किती उजळ करायचे ते त्या एका पानावरून ठरेल.